चाकावरचा शर्ट

माझा नवरा कोणाच्या घरी पाणी प्यायला की ग्लास खाली ठेवून विचारायचा, "कसं आहे?" जणू काही त्यानेच रांधून वाढलंय. यजमान बिचारे गोंधळून जायचे. पाणी ते पाणी, त्याचं काय कौतुक करायचं? मग हा सांगायचा, "टेकडीखालून मोठा पाइप जातो ना, त्याचे सांधे माझ्या हातचे आहेत. तुमच्या नळाला येणारा थेंब न् थेंब त्यातून येतो." मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची, पण उपयोग शून्य. त्याला आपल्या कामाचा गर्व होता आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलंच नाही. आता मला वाटतं, बरं झालं लपवला नाही.

मी नवऱ्याला अरे-तुरे करते, हे सासूबाईंना पहिल्या दिवसापासून खटकलं. "आज नवऱ्याला अरे म्हणतेस, उद्या मला अगं म्हणशील," असं त्या म्हणायच्या. त्या शाळेत शिपाई होत्या. सगळं आयुष्य घंटा वाजवण्यात आणि पोरांना वर्गात हाकलण्यात गेलं, त्यामुळे घरातही सगळ्यांनी रांगेत चालावं अशी त्यांची अपेक्षा. मी रांगेतली नव्हे. मी बेकरीच्या गल्ल्यावर बसते आणि माझी जीभ सुरीपेक्षा बरी चालते, असं माझा मालक म्हणतो. आमच्या दोघींच्या मधे माझा नवरा सुखाने नांदायचा. मूलबाळ आम्हाला झालं नाही. घरात आम्ही तिघंच.

तो पालिकेच्या पाणी खात्यात फिटर होता. तो मोठा पाइप इतका मोठा आहे की माणूस वाकून आत चालू शकतो. त्यात गाळ साचतो, सांधे गळतात, आणि मग कोणाला तरी आत उतरावं लागतं. उतरायची जागा रस्त्याच्या कडेला, लोखंडी झाकणाखाली. तिला चेंबर म्हणतात. पाणी सोडायचं चाक मात्र पंपघरात, भिंतीच्या पलीकडे. चाकापाशी उभ्या असलेल्या माणसाला चेंबर दिसत नाही आणि चेंबरमधल्याला चाक दिसत नाही. सकाळच्या पाळीतल्या माणसाला माहीत असतं की आत कोण आहे. दुपारी आलेल्याला कोण सांगणार?

म्हणून शर्ट. आत उतरणारा आधी पंपघरात जातो, अंगातला शर्ट काढतो आणि चाकावर टांगतो. जोवर चाकावर शर्ट आहे तोवर चाक फिरत नाही, मग वरून देव उतरला तरी. आणि तो शर्ट काढायचा कोणी, तर ज्याचा आहे त्यानेच. ही रीत कोणी सुरू केली ते कोणालाच माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं, "अरे, एखादी पाटी का नाही लावत?" तर तो हसला. "पाटी माणूस विसरतो. काम संपलं की घरी जायची घाई असते, पाटी राहते तिथेच. शर्ट विसरून उघडा कोण घरी जाईल? आणि गेलाच तर तू दारात घेशील का?" तेव्हा मला पटलं. नाही तरी त्याच्या प्रत्येक शर्टाच्या मानेवर चाकाच्या गंजाचा डाग असायचाच. कितीही घासला तरी निघायचा नाही आणि मी धुताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सासूबाई म्हणायच्या, "उद्धार कर, पण आधी साबण कमी वापर."

आता त्या दिवसाचं सांगते, आणि एकदाच सांगते. त्या दिवशी पंपघर बघायला कोणी मोठे पाहुणे यायचे होते. वरून हुकूम सुटला की पंपघर चकाचक झालं पाहिजे, कुठे चिंधी दिसता कामा नये. झाडायला एक मावशी पाठवली. ती बागेच्या खात्याच्या ठेकेदाराकडून उसनी आणलेली, पंपघरात याआधी तिने पाऊल टाकलेलं नव्हतं. तिला चाकावर एक मळका शर्ट दिसला. तिला वाटलं, कोणी तरी विसरून गेला. चांगली बाई ती. शर्ट फेकला नाही, छान घडी करून स्टुलावर ठेवला आणि पुढे झाडत गेली. थोड्या वेळाने पाळी बदलली. दुपारचा चावीवाला आला. पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला आमच्याकडे सगळे चावीवालाच म्हणतात. त्याने बघितलं, चाक मोकळं. त्याने चाक फिरवलं, जसं तो रोज फिरवतो. माझा नवरा तेव्हा आत सांधा भरत होता.

चावीवाला त्याचा जिवलग मित्र. नंतर कितीतरी दिवस तो आमच्या दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. शेवटी सासूबाईंनीच त्याला बाहीला धरून आत आणलं. "चाक मोकळं होतं ना?" त्यांनी विचारलं. तो नुसती मान हलवत राहिला. "मग तू काय चुकलास? बस. चहा घे." ज्या बाईने पोटचा मुलगा गमावला ती हे बोलत होती, आणि मी स्वयंपाकघरात पातेल्याकडे बघत रडत होते. आयुष्यभर मी त्या बाईशी भांडले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिच्या घरात आपण आलो ते भाग्यच.

पालिकेने मात्र दुसरंच सांगितलं. चौकशी झाली आणि तिचा निष्कर्ष पेपरात छापून आला. नियम असा आहे की आत उतरण्याआधी मुख्य कचेरीतून पाणी बंदचा परवाना घ्यायचा. फिटरने परवाना घेतला नव्हता. शर्टबिर्ट असली कोणतीही पद्धत खात्यात नाही. सबब मृत्यू त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. चावीवाल्याने खात्री केली नाही म्हणून त्याचीही थोडी चूक, आणि झाडणारी तर पालिकेची नव्हेच, ती ठेकेदाराची. म्हणजे शहर सोडून सगळे चुकले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

निष्काळजी. हा शब्द मला घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत राहिला. बेकरीत येणारी माणसं पाव घेता घेता म्हणायची, "घाई केली असेल हो त्यांनी, होतं असं." माणसं वाईट नव्हती, पण मी त्यांना सुट्टे पैसे देताना हातावर आपटायची. माझा नवरा आणि निष्काळजी! जो माणूस घरातला नळ टपकला तर जेवण सोडून उठायचा, जो झोपायच्या आधी गॅस दोनदा बघायचा, त्याला पेपरात हे नाव? आमच्यामागे त्याचं नाव सांगायला मूल नाही. आता लोकांनी त्याचं नाव काढलं तर हाच शब्द बरोबर येणार होता. मला दुसरं काही नको होतं. शहराने तो शब्द मागे घ्यावा, एवढंच हवं होतं.

एक दिवस पालिकेचा एक अधिकारी घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहाला नाही म्हणाला आणि मग घेतला. "पालिकेला सहानुभूती आहे," तो म्हणाला. "रक्कम चांगली आहे. फक्त इतकंच मान्य करायचं की अपघात त्यांच्या स्वतःच्या चुकीने झाला. म्हणजे पुढे काही वाद नको."

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मुलगा गेला, आता त्याची अब्रूपण विकत घ्यायला आलात?"

"तसं नाही हो, आजी..."

"आजी नका म्हणू. माझा नातू असता तर त्याने असं काम केलं नसतं."

अधिकारी उठला. जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही तरी समजवा त्यांना. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." माझ्याआधी आतून सासूबाईंचंच उत्तर आलं. "मग काळजी नाही. आम्हाला दोघींना आजवर कोणी शहाणं म्हटलेलं नाही!"

कोर्टाची पायरी चढलो. आमच्या वकीलबाई तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि त्या तो बोटाने वर ढकलायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी खरं काय ते सांगितलं. "शर्टाची रीत कामगारांत होती, हे आपण दाखवू. ते सोपं आहे. पण पालिकेला ती माहीत होती, तिच्याच भरवशावर पालिका माणसं आत पाठवत होती, हे दाखवता आलं पाहिजे. तरच जबाबदारी शहराची. नाही तर ते म्हणणार, पोरांचा खेळ होता, आम्हाला काय ठाऊक."

आणि ते तसंच म्हणाले. झाडणारी मावशी साक्षीला आली आणि रडत रडत म्हणाली, "मी घडी केली हो. मला वाटलं चुरगळेल." ती बोलत असताना मी तिच्याकडे बघून मान हलवली, की बाई, तुझ्यावर राग नाही. चावीवाल्यानेही सगळं खरं सांगितलं. पण पालिकेचे वकील उठले. जाडजूड, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "तुमच्यावरही चौकशी चालू आहे ना? शर्टाची गोष्ट खरी ठरली तर तुम्ही सुटता, बरोबर?" चावीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. खऱ्या माणसाला कोर्टात खोटं ठरवायला किती कमी शब्द लागतात, ते मी तेव्हा पाहिलं.

मग आले मोठे साहेब. पाणी खात्याचे मुख्य इंजिनियर. मी त्यांना ओळखत होते. नोकरीच्या सुरुवातीला ते याच पंपघरात होते, माझ्या नवऱ्याबरोबर डबा खायचे. आमच्या लग्नात त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. वकीलबाईंनी विचारलं, "चाकावर शर्ट टांगायची पद्धत तुम्हाला माहीत होती?"

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "अशी कोणतीही अधिकृत पद्धत खात्यात नाही."

"मी अधिकृत विचारलं नाही. माहीत होती का?"

"नाही."

माझ्या शेजारी सासूबाईंनी असा श्वास सोडला की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मला वाटलं, उठावं आणि त्या माणसाच्या कानाखाली वाजवावी. पण वकीलबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला होता. साहेब पुढे म्हणाले की अपघातानंतर पालिकेने सुरक्षेची चोख व्यवस्था केली आहे, चाकापाशी मोठी लाल पाटी लावली आहे. ते म्हणताना त्यांचा आवाज मोकळा झाला. म्हणजे तेवढं तरी खरं होतं.

घरी जाताना बसमध्ये सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ते माझ्यासाठी त्यांच्या बोलण्यापेक्षा भयंकर होतं. शेवटी उतरताना म्हणाल्या, "हरलो तरी चालेल. पण त्यांनी म्हटलेलं खोटं आपण मान्य करायचं नाही." मी म्हटलं, "आई, मी कधी कोणाचं काही मान्य केलंय?" तेव्हा कुठे त्या हसल्या.

आमच्यावर उपकार केले ते पालिकेच्या वकिलांनीच. त्यांना वाटलं, आता केस खिशात आहे, वरून एक मोहोर मारून घेऊ. त्यांनी कोर्टाला सांगितलं की ते चाक जुनं आहे, फिरायला लागलं की त्याचा आवाज पाइपातून आतपर्यंत जातो. सावध माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणजे हा माणूस सावध नव्हता. न्यायाधीशांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन बघावं, त्यांच्यासमोर चाक फिरवून दाखवतो. न्यायाधीश शांत, वयस्कर होते, फार बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे. बघू."

त्या सकाळी आम्ही सगळे पंपघरात जमलो. मी तिथे पहिल्यांदाच आले होते. इतकी वर्षं ज्या जागेबद्दल जेवताना ऐकलं ती जागा. फरशी नुकतीच धुतलेली, मोटारींची घरघर, भिंतीवर रंगाचा वास. आणि ते चाक. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, गाडीच्या चाकापेक्षा मोठं, हात लागून लागून एका बाजूला चकचकीत झालेलं. त्याच्या मागे भिंतीवर ती लाल पाटी होती. "आत माणूस आहे. चाक फिरवू नये." पाटी चारी कोपऱ्यांना स्क्रूने पक्की बसवलेली.

आणि चाकावर एक निळा शर्ट टांगलेला होता.

मला आधी वाटलं की माझे डोळे मला फसवतायत. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. चाकाशेजारी आमचा चावीवाला हात मागे बांधून उभा होता. चौकशी चालू असली तरी त्याला कामावर ठेवलं होतं, कारण त्या चाकाची खोड त्याच्याइतकी कोणाला माहीत नव्हती.

"हं, फिरवा," पालिकेचे वकील म्हणाले.

चावीवाला हलला नाही. "नाही फिरवता येणार. शर्ट आहे."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसले. "बघा साहेब. नाटक कसं बसवलंय. आज सकाळी मुद्दाम आणून टांगलेला दिसतो." मग चावीवाल्याला म्हणाले, "पाणी तर पलीकडून आजच्या पाहणीसाठी बंदच ठेवलंय ना?"

"ठेवलं होतं. हॉस्पिटलच्या टाक्या रिकाम्या झाल्या म्हणून मघाशी सोडलं. पाणी आता चाकाच्या तोंडाशी उभं आहे. शर्ट आहे, मी फिरवणार नाही."

"मग मी फिरवतो," वकील म्हणाले. त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि शर्ट काढायला हात पुढे केला.

"हात लावू नका!"

ही आरोळी इतकी मोठी होती की मोटारींचा आवाज त्यापुढे लोपला. मोठे साहेब मागे उभे होते, ते मधल्या माणसांना ढकलत पुढे आले. त्यांनी वकिलांचं मनगट पकडलं आणि त्यांना चाकापासून असं खेचलं की वकील जवळजवळ पडलेच. "शर्टाला हात लावायचा नाही! आत माणूस आहे!" साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्वतः चाकाला पाठ लावून ते उभे राहिले, दोन्ही हात पसरून.

मग न्यायाधीशांनी विचारलं, अगदी हळू, "आत माणूस आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. एकदा चाकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "शर्ट आहे ना, साहेब," ते म्हणाले.

"आणि ही पाटी?"

"ती... ती कायमच असते."

"पाटीवर विश्वास ठेवला ना साहेब," चावीवाला म्हणाला, "तर शहराला घोटभर पाणी मिळायचं नाही."

तेवढ्यात बाहेरून चिखलाच्या बुटांचा आवाज आला. कमरेपर्यंत भिजलेला एक फिटर आत आला, हातात गाळाची बादली. एवढी माणसं बघून दारातच थबकला. मग चाकापाशी आला, साहेबांच्या खांद्यावरून हात घालून शर्ट काढला आणि अंगात चढवला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं की तू आत काय करत होतास. तो म्हणाला, "चेंबर साफ करत होतो. सकाळी फोन आला, कोर्टाची माणसं येतायत, गाळ दिसता कामा नये."

"परवाना घेतला होता?"

फिटरने आधी साहेबांकडे पाहिलं, मग न्यायाधीशांकडे. त्याला वाटलं असावं की आपली थट्टा चाललीय. "परवाना यायला आठवडे लागतात, साहेब. तोवर कोण थांबणार? शर्ट टांगला आणि उतरलो."

वकीलबाईंचा चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, तरी त्यांनी तो वर ढकलला नाही. पालिकेचे वकील मनगट चोळत होते. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला मोठ्या साहेबांचा राग यायला हवा होता. ते कोर्टात शपथेवर खोटं बोलले होते, ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याच्याबद्दल. पण त्या चाकासमोर हात पसरून उभा असलेला माणूस मी पाहिला आणि माझा ऊर भरून आला. नोकरी, हुद्दा, शपथ, सगळं विसरून त्यांच्या अंगाने तेच केलं जे या पंपघरातला प्रत्येक जण करतो. माझ्या नवऱ्याची माणसं अशी होती. तो जी रीत पाळायचा ती पोरांचा खेळ नव्हती. मोठ्या साहेबांच्याही हाडात ती भिनली होती. आणि माझा नवरा त्या रीतीच्या बाहेर एक पाऊलही गेला नव्हता. त्याने शर्ट टांगला होता.

बाहेर पडताना साहेब माझ्यासमोर आले. "वहिनी," एवढंच म्हणाले आणि हात जोडले. मी म्हटलं, "साहेब, मला काही सांगू नका. जे सांगायचं ते कोर्टाला सांगा." पुढच्या तारखेला त्यांनी ते सांगितलं. स्वतःहून उभे राहिले, आधीची साक्ष खोटी होती असं म्हणाले. रीत त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि त्यांच्या वरच्यांनाही माहीत होती. परवान्याची वाट न बघता माणसं पाठवा, असे फोन साहेब स्वतःच करायचे. पंपघरातल्या चिंध्या काढा, हा हुकूमही त्यांच्याच कचेरीतून गेला होता. हे बोलताना त्यांनी मान खाली घातली नव्हती. त्यांची नोकरी राहील की नाही, ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पाणी खात्यातले लोक कामाच्या कपड्यांतच आले होते आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. ज्याच्या त्याच्या शर्टाच्या मानेवर गंजाचा डाग. मला ते बघून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. पालिकेचे वकील आमच्या बाकाच्या अगदी बाजूलाच बसले होते, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

न्यायाधीशांनी निकाल वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज मुळातच बारीक, आणि कायद्याची वाक्यं लांबच लांब. मी डोळे मिटून ऐकत होते. मग ते वाक्य आलं. "मयत फिटर निष्काळजी नव्हता. कामगारांच्या जिवाच्या रक्षणासाठी जी व्यवस्था शहराने करायला हवी होती ती शहराने केली नाही. ती कामगारांनी स्वतः उभी केली, मयताने ती काटेकोर पाळली आणि शहराला ती पूर्णपणे ठाऊक होती. ती शहराच्याच हुकुमाने मोडली गेली. या मृत्यूची जबाबदारी शहराची आहे."

मी रडले नाही. मागच्या बाकांवरून एक मोठा श्वास सुटल्यासारखा आवाज आला. न्यायाधीश पुढचं पान उलटणार, तेवढ्यात माझ्या शेजारी सासूबाई उभ्या राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माफ करा. म्हातारी बाई आहे मी. मला ऐकू कमी येतं."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ज्या बाईला चार घरं पलीकडचं नवरा-बायकोचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं, मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं ज्यांना अंगणात कळतं, त्यांना ऐकू कमी येतं!

"तुम्ही फार लांब बसलात," त्या पुढे म्हणाल्या. "हे वकीलसाहेब अगदी माझ्या जवळ आहेत. मघाचं तेवढं त्यांना वाचायला सांगाल का? जरा मोठ्याने."

पालिकेचे वकील एकदम लालबुंद झाले. ते काही तरी म्हणणार होते. न्यायाधीशांनी बराच वेळ सासूबाईंकडे बघितलं. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, जसं हसू दाबताना मिटतात, आणि ते पान शिपायाच्या हाती वकिलांकडे पाठवलं.

वकील उठले. घसा साफ केला. पहिलं वाक्य त्यांनी घाईघाईने म्हटलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "सावकाश." मग त्यांनी सावकाश वाचलं. मयत फिटर निष्काळजी नव्हता. शहराच्या स्वतःच्या वकिलाच्या तोंडून, अख्ख्या कोर्टासमोर. मागे बसलेले सगळे उठून उभे राहिले होते. मीही कधी उभी राहिले मला कळलं नाही. वकिलांनी शेवटचं वाक्य वाचलं, या मृत्यूची जबाबदारी शहराची आहे, आणि पान खाली ठेवलं.

"आता आलं ऐकू," सासूबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.